निबंधाला वीत, व्याकरणाला मामी

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसांबद्दल मला फारसा आदर नाही. सांगलीत चौतीस वर्षं मी हेच काम केलं आहे, तेव्हा हे बोलायचा अधिकार मला आहे. आमच्यातल्या बहुतेकांना इंग्रजी येत नाही, इंग्रजीचा पेपर येतो. कुठला प्रश्न किती मार्कांना, पत्राच्या कुठल्या कोपऱ्यात तारीख, कुठल्या क्रियापदानंतर येणाऱ्या क्रियापदाला आयएनजी जोडायचं आणि कुठल्यानंतर येणाऱ्याच्या आधी टू टाकायचं, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. कुणी साहेब समोर येऊन पाणी कुठं मिळेल म्हणाला, तर मात्र आम्ही हसतो आणि मान हलवतो. ही जात मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती साताऱ्यात, मामाच्या घरी, अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत. त्या वेळी मला वाटायचं की मी काही त्यांच्यातली नाही.

आमचं गाव कोरेगावच्या अलीकडं. ऊस चुलते बघायचे, वडील पलटणीत, कायम कुठल्या तरी सरहद्दीवर. गावात शाळा दहावीपर्यंतच, म्हणून आईनं मला तिच्या थोरल्या भावाकडं पाठवलं. मामाचं नाव जयसिंग, पण आईशिवाय त्या नावानं त्याला कुणी हाक मारत नसे. सगळ्या पेठेत तो जे. एस. सर. दिवसा हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक, सकाळ-संध्याकाळ घरी क्लास. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन तो भाजीवालीशी बोलतानासुद्धा हातात काढून घ्यायचा, जणू तिच्या मेथीच्या जुडीलाही मार्क द्यायचे आहेत. परक्या माणसाशी तो पुस्तकातलं मराठी बोलायचा आणि राग आला की गावातलं. इंग्रजीत मात्र तो चिडूही शकत नव्हता आणि हसूही शकत नव्हता. त्याच्या वहीत आधीपासून लिहून ठेवलेलं नाही असं एकही इंग्रजी वाक्य मी दोन वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलं नाही. ती वही निळ्या पुठ्ठ्याची होती आणि तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत क्लास, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि आम्ही सगळे, मधे प्लायवूडची फळी. त्या फळीला आमचे कान रोज दोन-दोन तास चिकटलेले असायचे, आमची इच्छा असो वा नसो. पलीकडं पस्तीस पोरापोरींची खाली मांडी घालून बसलेली दाटी, आणि मामाच्या पट्टीच्या ठोक्यावर सगळ्यांचा एका सुरात गजर. मामानं क्रियापदांचे दोन तट पाडले होते, एक आयएनजीवाले आणि दुसरे टूवाले. पट्टी एकदा वाजली की ‘एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड!’ आणि दोनदा वाजली की ‘वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस!’ आमच्या दूधवाल्याला दोन्ही याद्या पाठ होत्या आणि दूध मापताना तो त्याच चालीवर मापं मोजायचा. यादीतल्या शब्दांचे अर्थ क्लासमधल्या निम्म्या पोरांना ठाऊक नव्हते. एकदा एका मुलीनं धीर करून विचारलं, “सर, स्टॉपच्या पुढं कधी आयएनजी येतं कधी टू, ते कसं ओळखायचं?” मामानं पट्टी आपटली. “परीक्षेत आयएनजी येतं. नसत्या चौकशा करायच्या नाहीत.” मुलगी खाली बसली. परवा साताऱ्याला गेले तेव्हा मोती चौकाकडं जाताना चार पावलांवर चार पाट्या दिसल्या, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला म्हणून. टाय बांधलेली पोरं आत ओरडत होती. पट्टी गेली आहे, बाकी सगळं तेच आहे. मी तिथं उभी राहून अगदी मन लावून तुच्छतेनं ऐकलं.

मामीबद्दल आता. मामी सांगलीकडची, नाव शालन. नववीत अर्ध्यातून तिची शाळा सुटली, कारण मामाचं स्थळ आलं आणि मास्तर जावई मिळतोय म्हटल्यावर तिच्या वडलांनी वार्षिक परीक्षेपर्यंतसुद्धा दम धरला नाही. दोन मुलं झाली, ती तेव्हा तिसरी-चौथीत होती. मामी उंच, सावळी, हाताला सतत काम. तिच्या हातचं हुलग्याचं माडगं आणि शेंगदाण्याची कुटलेली चटणी आठवली की आजही माझी भूक चाळवते. सकाळी ती स्टोव्हला पंप मारायला बसायची तेव्हा पलीकडं क्लास सुरू झालेला असायचा, आणि पंपाचा आवाज आणि क्रियापदांचा गजर असा काही एक व्हायचा की मला अजून ‘अव्हॉइड’ म्हटलं की रॉकेलचा वास येतो. अकरा वर्षं ती त्या फळीमागं भाकऱ्या करत होती आणि अकरा वर्षं ऐकत होती. मला वाटायचं तिच्या कानावरून जात असेल, जसं माझ्या जात होतं.

त्या मुलीला मामानं खाली बसवलं त्याच दिवशी संध्याकाळी मामी शेंगा फोडत बसली होती आणि मी तिच्याजवळ पुस्तक घेऊन. ती अचानक म्हणाली, “सुमे, त्या पोरीनं बरूबर इचारलं हुतं बघ. त्यास्नी सांगाय आलं न्हाई.” मी म्हटलं, “तुला येतं?” ती शेंग फोडता फोडता म्हणाली, “त्यात काय हाय? आपल्यातबी हाय की त्ये. मी बोलायची थांबले, म्हंजी गप बसले. मी बोलायला थांबले, म्हंजी वाटंत तुजी आई गावली, तिच्यासंगं दोन शब्द बोलाय हुबी ऱ्हायले. एक काम बंद झालं, एक काम सुरू झालं. ह्ये एवडं सांगायला पट्टी कशाला आपटाया पायजे?” बारावीपर्यंत मला पाच शिक्षकांनी इंग्रजी शिकवलं होतं आणि त्यांच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. त्यानंतर मी मामीलाच विचारू लागले. तिच्याकडं यादी नव्हती. ती वाक्य तोंडात घोळवायची, मराठीत फिरवून बघायची आणि म्हणायची, “जे आदीच चालू हाय किंवा झालंय त्याला बहुदा आयएनजी लागतं, जे अजून व्हायचं हाय त्याला टू. समद्यांस्नी न्हाई लागू हुईत, पर लय जणांस्नी हुतं.” पुढं मोठमोठ्या पुस्तकांत मी हेच वाचलं, पुष्कळ अवघड करून सांगितलेलं.

मार्च संपता संपता घरी दहावीचे पेपर तपासायला यायचे. मामा बोर्डाचा परीक्षक होता आणि गावाकडं त्याची जी काही पत होती ती त्यामुळंच होती. गठ्ठे लाखेच्या शिक्क्यांचे, कापडात शिवलेले. पेपर परीक्षकानं स्वतः तपासायचे, कुणाला दाखवायचे नाहीत, असा नियम होता आणि त्याखाली मामाची सहीही होती. शिक्के फोडले की मामा गठ्ठ्याची सरळ वाटणी करायचा. व्याकरणाचे प्रश्न मामीला, बेरजा मला, आणि निबंध व पत्र स्वतःला. अशी वाटणी त्या काळी पुष्कळ मास्तरांच्या घरी होत असे, हे मला नंतर सहकाऱ्यांकडून कळलं. कुठं बायको तपासायची, कुठं शेजारचा बेकार पदवीधर. सगळ्या जिल्ह्यातली पोरं देवापुढं नारळ फोडून निकालाची वाट बघत आणि त्यांचा निकाल कुठल्या तरी स्वयंपाकघरात डाळ शिजताना लागत असे. निबंध मामा असा तपासायचा की पानावर हाताची वीत ठेवायची. वीतभर निबंधाला पाच, दीड वितीला सात, आणि पान उलटलं असेल तर आठ. अक्षर चांगलं असेल तर अर्धा जास्त. वाचत मात्र तो नसे. वाचायला वेळ कुठं आहे, असं तो म्हणायचा आणि दुपारी दोन तास झोपायचा.

मामी मात्र एकेक ओळ वाचायची. हात पुसून, जमिनीवर स्वच्छ फडकं अंथरून, त्यावर पेपर ठेवून. नमुना उत्तरं तिच्याजवळ असायची, पण ती त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नसे. त्या वर्षी एक प्रश्न होता. रामू स्टॉप्ड, पुढं गाळलेली जागा आणि कंसात स्मोक. नमुना उत्तरात स्मोकिंग. एका पोरानं टू स्मोक लिहिलं होतं. मी म्हटलं, “चूक दे आणि पुढं चल.” मामी म्हणाली, “का म्हनून? वाक्यात कुटं सांगितलंय त्यानं सोडली म्हनून? ह्यो गडी बिडी वडायला थांबला आसंल.” आणि तिनं मार्क दिला. वर पेपराच्या कडेला पेन्सिलीनं बारीक लिहिलं, ‘बिडी वडायला थांबला आसंल. बरूबर.’ मामा तपासून झालेल्या पेपरांकडं बघत नसे, त्यामुळं ही टिपणं त्याला दिसली नाहीत. मामीनं तशी पुष्कळ लिहिली. कुणा पोरीनं चुकीचं लिहिलं पण का चुकलं हे मामीला कळलं, तर ती तेही लिहायची. तिला वाटायचं ते पेपर पोरांना परत मिळतात. मी तिला सांगितलं नाही की ते रद्दीत जातात.

त्याच दिवसांत एकदा तिनं डब्याखालून एक घडी केलेला कागद काढून मला दाखवला. बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म, ज्याला सगळे सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. तिनं तो शेजारच्या नर्सबाईंकडून मिळवला होता आणि पेन्सिलीनं भरून बघितला होता, शाईनं भरायचा धीर झाला नव्हता. फॉर्म जूनमध्ये एखाद्या शाळेमार्फत द्यावा लागे आणि शाळा म्हणजे मामाची. मी विचारलं, “दहावी होऊन काय करणार?” ती म्हणाली, “काय करायचं न्हाई. मला एकदा पेपर लिवायचाय. दुसऱ्याचं तपासून तपासून कट्टाळा आला.” मी तिला म्हटलं, मामाला सांग. तिनं सांगितलं, आणि तिची वेळ चुकली, कारण ती क्लास सुटायच्या वेळी दारात जाऊन बोलली. मामानं फॉर्म हातात घेतला आणि पस्तीस पोरांसमोर फडफडवला. “बघा रे, आमच्या घरात परीक्षेचा उमेदवार निघालाय. नववी अर्धी नापास.” पोरं हसली. मामा आणखी रंगला. “बोर्डाचं कुणी शहाणं माणूस येऊन मला सांगू दे की हिला इंग्रजी येतं. मी सोता ह्यो फॉर्म शाळेत न्हेऊन दीन. शब्द देतो.” पोरं पुन्हा हसली आणि मीही हसले. हे मला लिहायचं नव्हतं, पण हसले खरी.

मामीनं मात्र तो शब्द धरला. मामाचे कुठलेच शब्द कुणी धरत नसे, ती एकटीच धरायची. तपासलेले गठ्ठे दरवर्षी सांगलीला मॉडरेटरकडं पोचवावे लागत. मॉडरेटर म्हणजे परीक्षकांवरचे परीक्षक, प्रत्येक गठ्ठ्यातले चार-दोन पेपर काढून बघणारे. दरवर्षी मामा एकटा जाऊन यायचा. त्या वर्षी मामीची पोरं सुट्टीत आजोळी सांगलीला गेली होती, त्यांना आणायच्या निमित्तानं ती निघाली, आणि तीन गठ्ठे उचलायला मला घेतलं. मामा स्वतः ओझं उचलत नसे, खिशातली पेनं वाकतात म्हणून. मामीनं तिचं एकुलतं एक चांगलं, मोरपंखी काठाचं लुगडं नेसलं. एसटीत मामा पुढं बसला होता. उंब्रज मागं पडल्यावर तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. “सुमे, त्या मॉडरेटर बाई हायत म्हनं. बाईमाणूस हाय तर आयकंल. मला बोलाय यायचं न्हाई गं त्यांच्यापुढं, जीब वळायची न्हाई. तू सांगशील न्हवं? व्याकरण शालननं तपासलंय म्हनून? आन् त्यास्नी इचार, मला परीक्षेला बसाय येईल का. एवडंच इचार.” मी म्हटलं, “सांगते की.” ती म्हणाली, “शपत?” मी म्हटलं, “शपथ.” मग तिनं फडक्यातून शेंगदाणे-गूळ काढला आणि कराड येईपर्यंत आम्ही खात बसलो. तिला इतकी खूश मी आधी कधी पाहिली नव्हती.

तो फॉर्म शाईनं कधीच भरला गेला नाही, हे इथंच सांगून टाकते. गोष्ट शेवटपर्यंत लपवून ठेवणाऱ्या लोकांचा मला राग येतो.

मॉडरेटर बाई एका शाळेच्या रिकाम्या वर्गात टेबल टाकून बसल्या होत्या. पांढरी सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा, समोर गठ्ठ्यांची रांग. मामा खुर्चीवर टेकला, मी आणि मामी भिंतीकडच्या बाकावर बसलो. बाईंनी आमचा एक गठ्ठा सोडला, मधूनच एक पेपर काढला आणि निबंध वाचायला लागल्या. मी मामाच्या मानेकडं बघत होते. मान घामानं भिजायला लागली होती.

“ह्या मुलानं ‘द काऊ इज अ यूजफुल ॲनिमल’ हे वाक्य अकरा वेळा लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “त्याला सात मार्क कसे?”

मामा म्हणाला, “अक्षर चांगलं होतं, बाई.”

“आणि ह्या मुलीनं इतकं सुंदर लिहिलंय, तिला चार?”

“जरा लहान आहे निबंध.”

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं. मग आणखी दोन पेपर काढले, तिसरा काढला, आणि त्यांचा चेहरा फार कठोर झाला. पेपराच्या कडेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “व्याकरणाचा प्रश्न कुणी तपासलाय?”

मामाला वाटलं, पकडला गेलो. इतक्या वर्षांत त्यानं कुठलाच प्रश्न इतक्या घाईनं सोडवला नसेल. तो म्हणाला, “ते… घरच्यांनी जरा हात लावला असेल, बाई. मी शाळेत गेलो असताना. त्यांना काय कळतंय? अडाणी माणसं. मी दुरुस्त करतो सगळं.” आणि मागं न बघता त्यानं अंगठा आमच्या बाकाकडं केला.

बाई म्हणाल्या, “तुमच्या ह्या अख्ख्या गठ्ठ्यात तेवढीच एक गोष्ट दुरुस्त करावी लागणार नाही.” त्यांनी एक पेपर उचलून वाचून दाखवला. “‘बिडी वडायला थांबला आसंल. बरूबर.’ हा प्रश्नच चुकीचा काढला होता, दोन्ही उत्तरं बसतात, हे मी स्वतः बोर्डाला लिहून कळवलंय. बाकी तपासणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. हे कुणी लिहिलं?”

मामीनं माझ्या गुडघ्याला गुडघा लावला. मामानं आता मागं वळून आमच्याकडं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर मी ते हिशेबी हसू पाहिलं, क्लासमध्ये नवीन विद्यार्थ्याचे वडील आले की यायचं ते. बायकोनं तपासलं म्हणण्यापेक्षा काय म्हटलेलं बरं, हे त्याला क्षणात कळलं. “ही माझी भाची, बाई. सुमन. बारावीला बसली आहे. माझ्याच हाताखाली तयार झालीय.”

बाई माझ्याकडं वळल्या. “तू लिहिलंस?”

ह्या ठिकाणी मी आजवर पुष्कळ कारणं घालून बघितली आहेत. मामाला खोटं पाडायची भीती, बारावीचा निकाल, उंब्रजच्या एका फौजी मुलाशी घरात चाललेली माझ्या लग्नाची बोलणी. ह्यातलं एकही कारण खरं नाही. खरं एवढंच की एक शिकलेली बाई माझ्याकडं कौतुकानं बघत होती, आणि मला ते आवडलं. मी म्हटलं, “हो.”

“मग असं ‘वडायला’ का लिहिलंस?”

“घरी आम्ही तसंच बोलतो, बाई.”

“आणि तुला हे सुचलं कसं?”

आणि मी सांगितलं. मी बोलायची थांबले म्हणजे गप्प बसले, मी बोलायला थांबले म्हणजे वाटेत कुणी भेटलं. आधीच चालू असलेल्याला आयएनजी, अजून व्हायच्या असलेल्याला टू. शेंगा फोडतानाचा सगळा धडा मी चांगल्या, स्वच्छ मराठीत म्हणून दाखवला, एक शब्द न अडखळता. मामाच्या क्लासमधल्या पोरांनी याद्या म्हणाव्यात तसा. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी मामीकडं बघून विचारलं, “ह्या कोण?” मामा म्हणाला, “आमच्या मंडळी.” बाई मामीला म्हणाल्या, “फार हुशार आहे हो तुमची भाची.”

मामी उठून उभी राहिली होती. पदर सारखा केला आणि म्हणाली, “व्हय बाई. लय हुशार हाय.”

बाईंनी माझं नाव, पत्ता लिहून घेतला. इंग्रजी घेऊन बी. ए. कर, सांगलीत ये, कॉलेजात आणि वसतिगृहात मी सांगते, असं म्हणाल्या आणि त्यांनी ते केलंही. माझं सगळं आयुष्य त्या कागदावरून पुढं गेलं. माझी नोकरी, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल, मला भेटायला येणारे विद्यार्थी, सगळं. मामाला त्यांनी तिथंच बसवलं, तिन्ही गठ्ठ्यांतले निबंध त्यांच्या डोळ्यांसमोर वाचून परत तपासायचे म्हणाल्या. मामानं वीत ठेवायला हात उचलला आणि परत खाली घेतला. ते बघून मला हसू आलं. इतकं झाल्यावरही मला त्याचंच हसू आलं.

आम्ही दोघी बाहेर आलो. ऊन मी म्हणत होतं. शाळेच्या फाटकासमोर एक चहाची गाडी होती आणि कडेला लिंबाच्या सावलीत बाकडं. मला वाटत होतं ती रडेल, किंवा मला दोन शिव्या देईल, आणि मग मी तिच्या गळ्यात पडेन आणि सगळं मिटेल. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. मी म्हटलं, “मामी, मी आत जाऊन परत सांगते त्यांना.” ते मी म्हटलं खरं, पण जागची हलले नाही आणि तिनं ते पाहिलं.

तिनं पदरानं बाकडं पुसलं. माझ्यासाठी जागा केली आणि स्वतः उभी राहिली. मग गाडीवाल्याकडं बोट करून, अगदी नीट, हळू आवाजात, पाहुण्याला विचारावं तसं तिनं विचारलं, “तुमी चहा घेतासा का?”

मी मागं वळून पाहिलं, मामा बाहेर आला असेल म्हणून. मागं कुणी नव्हतं.